बाईचा हात

टायरॉडचा नट काही केल्या सुटत नव्हता. गाडीखाली उताणा पडलेल्या गोवर्धननं पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे तो किरकिरत फिरला. तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या आणि माया सिस्टरची पावलं त्याच्या डोक्याशी येऊन थांबली.

"गोवर्धनभाऊ, चहा आणला. बाहेर या पह्यले."

"ठेवा तिथं. हे एक झालं की येतो."

"मघापासून हेच म्हणून राहिले तुमी. तिसरा चहा हाय हा. पह्यले दोन थंडे झाले म्हून मीच पेली."

तो हसला नाही. गाडीखालच्या माणसाचं तोंड कोणाला दिसत नाही, ही या धंद्यातली फार मोठी सोय आहे. आज ती त्याच्या चांगलीच कामाला येत होती.

रविवारची सकाळ होती. नोव्हेंबरचं ऊन अंगणात पुरतं उतरलंही नव्हतं, तोवर गोवर्धन आपली जुनी व्हॅन घेऊन अकोल्याहून अमरावतीत हजर झाला होता. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. सोबत जॅक, पान्यांची पेटी आणि पिशवीत जपून गुंडाळलेलं नवं मशीन. 'नवीन मशीन घेतलं सिस्टर, जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्या घरी येऊन तपासून देऊन राहिलो,' असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. सिस्टरला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचे घरमालक वामनराव मात्र मुरलेले गृहस्थ. अकोल्याचा मेकॅनिक रविवारी अमरावतीत येऊन फुकटात गाडी तपासतो म्हटल्यावर ते व्हरांड्यातूनच म्हणाले होते, "पोरासाठी स्थळ घेऊन आला असंन तो. विचारून पाहा." आणि पेपरात डोकं घातलं होतं.

स्थळबिळ काही नव्हतं. गोवर्धन पाप फेडायला आला होता, आणि फेडताना ते पाप कोणाला दिसू नये अशीही त्याची इच्छा होती. माणूस असाच असतो.

अकोल्यात बाळापूर रोडला त्याचं दुकान होतं. एकतीस वर्षं झाली होती. स्टेअरिंगचं काम म्हटलं की लोक दुसरीकडे जात नसत. गाडी दुकानात शिरताना तिच्या वळणावरून तो सांगायचा, डाव्या बाजूचा बॉल जॉइंट गेला आहे. चाकाला दोन बोटं लावायचा आणि पंपाचं तेल कमी आहे म्हणायचा, आणि ते कमीच निघायचं. तेलाच्या स्टेअरिंगवर त्याची हयात गेली होती. बेल्टवर फिरणारा पंप, नळीतून दाबानं जाणारं तेल, आणि त्या तेलातून रस्ता सरळ तळहातात यायचा. खडी आहे की डांबर, टायरमध्ये हवा कमी आहे की जास्त, सगळं हाताला कळायचं. मग विजेच्या मोटारीची स्टेअरिंग आली. तेल गेलं, पंप गेला, बेल्ट गेला. उभ्या गाडीत एका बोटानं चाक फिरू लागलं. लोक खूश झाले. गोवर्धनला ती स्टेअरिंग बिनमिठाच्या वरणासारखी लागायची. पोट भरतं, पण जिभेला काही कळत नाही. तरी तो त्याही गाड्या घ्यायचा. 'स्टेअरिंग म्हंजे स्टेअरिंग, चाक शेवटी गोलच असते,' असं म्हणायचा आणि लोक मान डोलवायचे.

माया सिस्टर त्याच्याकडे आली ती मार्चमध्ये. तेव्हा ती अकोल्यातच दवाखान्यात नोकरीला होती, जठारपेठेत राहत होती. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ती गाडी शिकली होती आणि शिकून झाल्यावर आठच दिवसांत एक जुनी गाडी घेऊन मोकळी झाली होती. मोर्शीला तिची आई, इंदूबाई, एकटी राहायची. आईला गाडीत बसवून हिंडवायचं, ही एवढीच तिची हौस होती. तिनं ती गोवर्धनलाही सांगितली होती, कारण नवी गाडी घेतलेला माणूस सगळ्यांनाच सगळं सांगतो.

तिच्या तक्रारी दोन होत्या. एक, गाडी सरळ चालते तेव्हा स्टेअरिंगचं चाक थोडं तिरपं राहतं. दोन, गाडी जराशी उजवीकडे ओढते.

दिवस लग्नसराईचे होते. दुकानापुढे सात गाड्या उभ्या होत्या. खरं काम म्हणजे गाडी वर घ्यायची, दोन्ही बाजूंचे टायरॉड, म्हणजे पुढची चाकं वळवणारे दांडे, खोलून सारखे करायचे, दोन-अडीच तासांची माती. आणि एक खोटं काम होतं. स्टेअरिंगचं गोल चाक काढायचं, ज्या दांड्यावर ते बसतं त्याच्या दात्यांवरून एक दात सरकवायचं आणि पुन्हा घट्ट करायचं. चाक सरळ दिसतं. गिऱ्हाईक खूश. तेलाच्या गाड्यांना त्यानं हे शेकडो वेळा केलं होतं आणि कधी कोणाचं काही बिघडलं नव्हतं. वीस मिनिटांत त्यानं सिस्टरची गाडी बाहेर काढली.

पंधरा मिनिटांत ती परत आली. सोबत तिचा मुलगा पियुष होता.

"भाऊ, चाक सरळ दिसते आता. पन गाडी तं अजूनबी उजवीकडे नेते. कोनी मनगट धरून वढल्यावानी वाटते."

गोवर्धन पियुषला शेजारी बसवून बाळापूरच्या दिशेनं दोन किलोमीटर जाऊन आला. त्याच्या हाताला काही म्हणता काही लागलं नाही. दुकानापुढच्या बाकावर सहा-सात माणसं चहा पीत बसली होती. गाडीतून उतरता उतरता त्यानं किल्ली सिस्टरच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"गाडीत काहीच नाई सिस्टर. बाईचा हात हाय. बसन हळूहळू."

बाक हसला. सगळ्यांत मोठ्यानं पियुष हसला. सिस्टरही हसली, कारण अशा वेळी बाईला दुसरं काही करता येत नाही. किल्ली पर्समध्ये टाकून ती निघून गेली. गोवर्धनला ते वाक्य इतकं आवडलं की पुढचे चार दिवस तो ते गिऱ्हाइकांना सांगत होता.

मार्चमधलं ते वाक्य दोन आठवड्यांपूर्वी त्याच्याकडे परत आलं.

अकोल्यात एका हॉलमध्ये मेकॅनिक लोकांसाठी अर्ध्या दिवसाचं शिक्षण ठेवलं होतं. नवी मशीनं दाखवायची आणि खपवायची, हा त्यामागचा हेतू. आलूबोंडे होते म्हणून हॉल भरलेला होता. शिकवणारा माणूस पुण्याचा, तरुण, गळ्यात टाय. त्यानं आधीच विचारलं, "चाक सरळ करायला ते काढून एक दात सरकवून कोण बसवतं? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. गोवर्धननं आपला उजवा हात टेबलाखाली मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा ठेवला.

टायवाला पुढे सांगू लागला. तेलाच्या स्टेअरिंगला सरळ काय ते गाडीची चाकं सांगतात. मोटारीच्या स्टेअरिंगला ते आतला सेन्सर सांगतो. टायरॉड कमी-जास्त झाले की गाडीचं सरळ एकीकडे आणि सेन्सरचं सरळ दुसरीकडे होतं. मग मोटार आपल्या समजुतीतल्या सरळकडे गाडी नेत राहते. तिरपं चाक ही त्या दुखण्याची एकच खूण असते. तुम्ही गोल चाक काढून सरळ बसवलंत की खूण पुसली, दुखणं तसंच राहिलं.

"किती ओढते?" कोणीतरी विचारलं.

"फार नाही. म्हणून तर घोळ होतो. जुन्या ड्रायव्हरला कळतच नाही. जड स्टेअरिंगवर घडलेले हात, ते न कळत गाडी धरून ठेवतात. हे पहिल्यांदा कळतं ते नव्या माणसाला. हलक्या हाताला."

गोवर्धनच्या पुढ्यातला आलूबोंडा तसाच राहिला.

म्हणजे हात तिचाच खरा होता. एकतीस वर्षांचा त्याचा हात मुका निघाला होता आणि दीड महिन्याच्या त्या हाताला बरोबर कळलं होतं. आणि त्यानं सात माणसांत त्या हातावर शिक्का मारला होता. त्याची त्याला इतकी लाज वाटली की हॉलमधून बाहेर पडताना त्यानं कोणाला रामरामही केला नाही. मशीन तेवढं घेतलं.

सिस्टरच्या नव्या पत्त्यासाठी त्यानं पियुषला फोन केला; त्याचा नंबर दुकानाच्या वहीत होता. पियुष जठारपेठेतच राहत होता, आई मात्र जूनमध्ये बदली होऊन मोर्शीच्या दवाखान्यात गेली होती आणि अकोल्याला येणं-जाणं सोपं पडावं म्हणून अमरावतीला खोली घेऊन राहत होती. रोज गाडीनं जाणं-येणं.

"चालवते न गाडी?" गोवर्धननं जपून विचारलं.

"चालवते कायची, चाळीसच्या वर जात नाई. दोनदा ठोकली. एकदा दुभाजकाले, एकदा दवाखान्याच्या गेटले. तुमी तवा म्हटलं होतं न काका, एक नंबर म्हटलं होतं." पियुष हसला. "आता मोठी गंमत सांगतो. आजीच्या डोयाचं ऑपरेशन झालं, तिले दर पंधरा दिवसांनी अमरावतीले दाखवा लागते. तं आई काय करते, आजीले मोर्शीत यष्टीत बसवून देते. आन सोता यष्टीच्या मागून गाडी घेऊन येते. खाली गाडी! म्हणते, माह्या हाताचा भरोसा नाई, मी कोनाले बसवत नाई."

त्या रात्री गोवर्धनच्या बायकोनं, नीलमनं, ताटातली भाकर तशीच पाहिली आणि पोट बिघडलं का म्हणून विचारलं. तो हो म्हणाला.

आता अमरावतीच्या या अंगणात त्याचं काम संपत आलं होतं. दोन्ही टायरॉड त्यानं सुताशी सूत सारखे केले. गोल चाक काढलं, मार्चमध्ये सरकवलेला तो एक दात मागे घेतला. मग मशीनची वायर लावली. सकाळी आल्या आल्या त्यानं ती लावली होती तेव्हा पडद्यावर सेन्सरचा आकडा नऊ होता. गाडी सरळ उभी आणि आकडा नऊ. तेव्हा सिस्टर मागे येऊन उभी राहिली होती.

"काय दाखवते हे?"

"बॅटरी," तो म्हणाला होता आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला होता.

आता आकडा शून्य झाला. त्यानं तो तीनदा पाहिला. छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. ते इंचभरही हललं नाही. त्यानं थंड चहा एका घोटात प्यायला, हात पुसले आणि म्हणाला,

"चला सिस्टर, मोर्शी रोडनं एक चक्कर मारून पाहा."

"तुमीच पाहा मारून."

"मी नाई, तुमी चालवा. मी बाजूले बसतो."

"नाई भाऊ." तिनं पदर उगाच खांद्यावर नीट केला. "मी कोनाले बसवत नाई गाडीत."

"मले म्हाईत हाय."

"कोनं सांगतलं?"

"पियुषनं."

सिस्टरचा चेहरा जरासा उतरला. पोरगा हे अकोल्यात सांगत हिंडतो, हे तिला आजच कळलं असावं. व्हरांड्यातून वामनरावांनी पेपर खाली केला आणि पुन्हा वर घेतला. गोवर्धन डावीकडचं दार उघडून बसला. पट्टा लावला आणि मांडीवर हात ठेवून वाट पाहत राहिला. दोन-तीन मिनिटं गेली. मग उजवीकडचं दार उघडलं.

पंचवटी चौकातून गाडी बाहेर पडली. सिस्टर दोन्ही हातांनी चाक असं धरून बसली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. गोवर्धन रस्त्याकडे कमी आणि त्या बोटांकडे जास्त पाहत होता. गर्दी मागे पडली. संत्र्याच्या कॅरेटी भरलेला एक ट्रक समोरून गेला आणि त्याच्यामागे रस्ता मोकळा, सरळ पसरला.

गाडी डावीकडे जाऊ लागली.

हळूच, पण जात होती. डावं चाक डांबर सोडून मुरमावर उतरलं, सिस्टरनं दचकून उजवीकडे घेतली, गाडी रस्त्यावर आली आणि पुन्हा डावीकडे निघाली. आकडा शून्य होता. तीनदा पाहिला होता. टायरॉड सारखे होते. मग त्यानं पुन्हा तिच्या हातांकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

आठ महिने गाडी उजवीकडे ओढत होती. आठ महिने ती, आधी अकोल्यात आणि जूनपासून रोज मोर्शीला जाता-येताना, गाडी डावीकडे दाबून धरत होती. कोणी शिकवलं नाही, हात आपला आपण शिकला. आता ओढणारं कोणी उरलं नव्हतं आणि हात अजून दाबतच होता.

सिस्टरनं गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि हसली. ते मार्चमधलंच हसणं होतं.

"पाहा," ती म्हणाली. "तुमी मशीन लावलं, दोन घंटे खाली पडून राहिले, सारं केलं. तरी जाते ते जातेच. तुमी तवाच बरोबर सांगतलं होतं भाऊ. हातच तसा हाय माहा. गाडीले काहून दोष द्या?"

गोवर्धननं खिडकीबाहेर पाहिलं. कडुनिंबाच्या सावलीत दोन बकऱ्या उभ्या होत्या. देवानं त्याच्यापुढे एवढं स्वच्छ दार कधीच उघडलं नव्हतं. त्यानं मार्चमध्ये जे खोटं सांगितलं होतं ते आता खरं झालं होतं. गाडीत दोष नव्हता आणि हातात होता. जगातलं कोणतंही मशीन लावा, हेच दिसलं असतं. 'बसन हळूहळू' एवढंच म्हणायचं आणि घरी जायचं. पंधरा दिवसांत हात पुन्हा सुधारला असता, गाडी सरळ चालली असती, सिस्टर म्हणाली असती, गोवर्धनभाऊचं बोलणं खरं झालं. बाळापूर रोडवर त्याचं नाव आणखी मोठं झालं असतं. जाऊ द्यावं, असं त्याला खरंच वाटलं. अर्धा मिनिट तो त्या वाटण्यातच बसून होता.

मग त्याला यष्टीच्या मागून येणारी रिकामी गाडी दिसली.

"सिस्टर," तो म्हणाला, "गाडी घ्या रस्त्यावर. चाळीसवर गेली की हात सोडा."

"काय?"

"चाक सोडा. बोटं नुसती जवळ धरून ठेवा, गरज लागली तं पकडता येईन. पन लावू नोका. रस्ता खाली हाय. मी बसलो हाव न."

"म्या धरूनबी अशी जाते, सोडल्यावर तं नालीत जाईन."

"जाऊ द्या. माही जबाबदारी."

तिनं आरशात मागे पाहिलं, पुढे पाहिलं, पुटपुटत गाडी रस्त्यावर घेतली. तीस. पस्तीस. चाळीस. मग एक-एक बोट उचलावं तसे तिनं हात उचलले. चाकापासून वीतभर वर ते नुसते धरलेले होते, गरम तव्यावर धरावेत तसे.

गाडी सरळ गेली.

उजवीकडे नाही, डावीकडे नाही. पांढरी पट्टी बाजूला धरून ती आपली आपण चालत राहिली. माहुलीचा फलक आला, मागे गेला. एक सायकलवाला हातात चाक नसलेली बाई पाहून थांबला आणि मान वळवून पाहत राहिला. बऱ्याच वेळानं तिनं हात खाली आणले आणि लगेच गाडी डावीकडे झुकली. तिनं पुन्हा उचलले. गाडी पुन्हा सरळ.

तिनं ब्रेक लावला. गाडी एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणापाशी थांबली.

"मंग माहा हात डावीकडे काहून जाते?"

"शिकला तो. आठ महिने गाडी उजवीकडे नेत होती. तुमी धरून ठेवली."

"गाडी नेत होती?"

"हाव."

"पन तुमी तं..." ती थांबली.

"टायरॉड सारखे नोते. त्याले दोन-अडीच घंटे लागले असते. गिऱ्हाइकं उभी होती. म्या चाक काढून एक दात सरकवून बसवलं." त्यानं बोटानं स्टेअरिंगचं चाक दाखवलं. "तुमी परत आल्या, ओढते म्हटलं. मले काही लागलं नाई. माह्या हाताले कळलंच नाई. कळत नाई असं सांगाचं सोडून म्या तुमच्या हातावर ढकललं. तुमचा हात बरोबर होता, सिस्टर. माह्यापेक्षा बरोबर होता."

"सकायी मशीनवर काय होतं? बॅटरी?"

"नाई. नऊ होता. शून्य पायजे तिथं नऊ."

सिस्टर समोर पाहत राहिली. बागेत कोणीतरी शिडी सरकवत होतं, फांद्या हलत होत्या. गोवर्धनला वाटलं, आता ती ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल असंही वाटलं. ती ओरडली नाही. तिनं आपले दोन्ही तळहात पुढे धरले, उलटे-सुलटे करून पाहिले. याच हातांनी तिनं आयुष्यभर लोकांच्या शिरा शोधल्या होत्या, एका टोचण्यात. लहान लेकरांच्यासुद्धा.

"दवाखान्यात म्या सुई टोचणं कमी केलं होतं, तुमाले म्हाईत हाय?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दुसऱ्या सिस्टरले देत होती. म्हटलं, हात बिघडला आपला. वय झालं."

हे गोवर्धनला माहीत नव्हतं. हे पियुषलाही माहीत नव्हतं. चूक झाली, असे दोन शब्द त्यानं जुळवले होते, ते आता तोंडातून काढायची त्याला लाज वाटली.

"त्या दिवशी तुमच्या दुकानापुढं किती जन होते?" तिनं विचारलं.

"सहा-सात."

"त्यातल्या एकाचा नंबर हाय माह्याजवळ."

तिनं पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि तो दोघांच्या मधल्या खाचेत उभा करून ठेवला. आवाज मोठा केला. घंटी वाजू लागली. सिस्टरनं दोन्ही हात पुन्हा चाकावर ठेवले, या वेळी हलकेच, आणि नजर रस्त्यावर लावली. गोवर्धनकडे तिनं पाहिलं नाही.

फोन उचलला गेला.

"हां आई, काय झालं?" पियुषचा आवाज आला. "पुन्हा ठोकली काय?"

सिस्टरनं एका बोटानं फोन गोवर्धनकडे वळवला. गोवर्धननं मांडीवरचे हात उचलले आणि पुन्हा मांडीवरच ठेवले.

"आई? बोल न. कोनाले लागलं तं नाई?"

"लागलं," गोवर्धन फोनकडे वाकून म्हणाला. "पियुष, मी गोवर्धन बोलून राहिलो."